व्यक्ती की मालमत्ता? : 'द मेझर ऑफ अ मॅन' या विज्ञानकथात्म दूरचित्रवाणी भागाचे कथानक व विवेचन

गोषवारा

'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील 'द मेझर ऑफ अ मॅन' हा भाग फेब्रुवारी १९८९ मध्ये प्रथम प्रसारित झाला. माणसासारखे दिसणाऱ्या आणि विचार करणाऱ्या एका यंत्राला स्वतःविषयीचा निर्णय स्वतः घेण्याचा अधिकार आहे काय, या प्रश्नाची न्यायालयीन सुनावणी हा या भागाचा विषय आहे. प्रस्तुत लेखात या भागाचे कथानक क्रमाने सांगून त्यातील युक्तिवादाचे विवेचन केले आहे. न्यायाधीशाने यंत्राच्या स्वरूपाविषयी अंतिम निर्णय देण्याचे टाळले आणि संशयाचा भार कोणी वाहावा एवढेच ठरविले, यात या भागाचे वैचारिक बळ आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

बीजशब्द : विज्ञानकथा, यंत्रमानव, व्यक्तित्व, मालमत्ता, आत्मभान, न्यायदान

१. प्रस्तावना

चेक नाटककार कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' (१९२०) या नाटकाने जगाला 'रोबोट' हा शब्द दिला. त्याच्या मुळाशी असलेल्या 'रोबोटा' या चेक शब्दाचा अर्थ वेठ किंवा सक्तीचे श्रम असा आहे. म्हणजेच यंत्रमानवाच्या कल्पनेला गुलामगिरीचा प्रश्न जन्मतःच चिकटलेला आहे. मराठीत आपण 'यंत्रमानव' हा सामासिक शब्द योजतो. व्याकरणाच्या दृष्टीने या समासात 'मानव' हे उत्तरपद प्रधान ठरते. व्यवहारात मात्र आपण 'यंत्र' हे पूर्वपदच प्रधान मानतो. प्रधान पद कोणते, हाच वाद 'द मेझर ऑफ अ मॅन' या भागात न्यायासनासमोर येतो.

विज्ञानकथेकडे पुष्कळदा केवळ करमणुकीचे साहित्य म्हणून पाहिले जाते. दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथेच्या वाट्याला तर अभ्यासकांचे लक्ष त्याहूनही कमी येते. तथापि सुमारे पाऊण तासाच्या या एका भागात तत्त्वज्ञान, कायदा, नीतिशास्त्र आणि संगणकशास्त्र या चारही विद्याशाखांना विचारप्रवृत्त करणारा आशय आहे. यंत्राशी संवाद करणे ही आज नित्याची बाब झाली आहे. अशा काळात या भागाचा परिचय महाविद्यालयीन अध्यापकांना उपयुक्त ठरेल, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) सदर भागाचे कथानक मालिका न पाहिलेल्या वाचकालाही समजेल अशा रीतीने मांडणे.
२) दोन्ही पक्षांच्या युक्तिवादाचे स्वरूप स्पष्ट करणे.
३) न्यायनिर्णयाचा नैतिक आधार तपासणे.

अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. मूळ इंग्रजी संवाद शब्दशः न देता त्यांचा आशय दिला आहे.

३. मालिका, लेखिका व पात्रे

जीन रॉडनबेरी यांनी निर्माण केलेली 'द नेक्स्ट जनरेशन' ही मालिका १९८७ ते १९९४ या काळात सात पर्वांत प्रसारित झाली. चोविसाव्या शतकात 'एंटरप्राइज' हे अंतराळयान नव्या जीवसृष्टीच्या शोधात संचार करते, अशी तिची मूळ कल्पना आहे. यानाचा कप्तान जाँ-लुक पिकार्ड (अभिनेते पॅट्रिक स्टुअर्ट), त्याचा प्रथम अधिकारी विल्यम रायकर (जोनाथन फ्रेक्स) आणि अधिकारीपदावरील अँड्रॉइड म्हणजे मानवाकृती यंत्र डेटा (ब्रेंट स्पायनर) ही या भागातील प्रमुख पात्रे होत. डेटाचा मेंदू 'पॉझिट्रॉनिक' आहे. ही संज्ञा आयझॅक असिमॉव्ह यांच्या यंत्रमानवकथांतून घेतलेली आहे.

दुसऱ्या पर्वातील हा नववा भाग मेलिंडा स्नॉडग्रास यांनी लिहिला व रॉबर्ट शीरर यांनी दिग्दर्शित केला. लेखनाकडे वळण्यापूर्वी स्नॉडग्रास यांनी वकिली केली होती. या भागात अंतराळयुद्ध नाही, परग्रहावरील संकट नाही. जवळजवळ सारा संघर्ष बंद खोल्यांत आणि शब्दांनीच घडतो. लेखिकेच्या कायद्याच्या शिक्षणाचा ठसा या रचनेवर स्पष्ट दिसतो.

४. कथानक

*४.१ पत्त्यांचा डाव :* भागाचा प्रारंभ अधिकाऱ्यांच्या पोकरच्या डावाने होतो. डेटा हा खेळ प्रथमच खेळत आहे. नियम त्याला मुखोद्गत आहेत, संभाव्यतेचे गणितही अचूक येते. परंतु हाती काही नसताना रायकर मोठी बोली लावतो आणि हातात चांगली पाने असूनही डेटा माघार घेतो. जिंकता येणार नाही अशा पानांवर पैज लावणे त्याला तर्कदुष्ट वाटते. रायकरने पैज लावली होती ती पानांवर नव्हे, तर डेटाच्या माघारीवर, हे त्याला मागाहून उमगते. माणसांत वावरताना नियमांच्या ज्ञानाखेरीज आणखी काही लागते, ही गोष्ट येथेच सूचित होते.

*४.२ मॅडॉक्सची मागणी :* यान नव्या तळावर, म्हणजे स्टारबेस १७३ येथे, पोहोचते. तेथील न्यायाधिकारी फिलिपा लुव्हा ही पिकार्डच्या पूर्वपरिचयाची आहे. दहा वर्षांपूर्वी 'स्टारगेझर' हे यान गमावल्याबद्दल पिकार्डवर जो लष्करी खटला चालला, त्यात तिने अभियोग चालविला होता. याच तळावर ब्रूस मॅडॉक्स हा यंत्रमानवशास्त्रज्ञ भेटतो. डेटाच्या निर्मितीचे रहस्य त्याच्या निर्मात्याबरोबर, डॉ. नूनियन सूंग याच्याबरोबर, हरवले आहे. डेटाचे भाग सुटे करून ते रहस्य शोधावे आणि प्रत्येक यानावर एकेक डेटा असावा, अशी मॅडॉक्सची योजना आहे. डेटाला सेवेच्या अकादमीत प्रवेश देताना निवड समितीत विरोधी मत देणारा एकमेव सदस्यही हाच मॅडॉक्स होता.

डेटा योजनेची तांत्रिक चौकशी करतो. मूलभूत अडचणींवर मॅडॉक्सने अद्याप मात केलेली नाही, हे त्याच्या ध्यानी येते. स्मृती संगणकात साठविता येतील. परंतु त्या स्मृतींना अनुभवामुळे आलेला स्वाद त्या हस्तांतरात उरेल काय, याची त्याला शंका वाटते. तो नकार देतो. मॅडॉक्स बदलीचा आदेश पुढे करतो.

सेवेचे हित म्हणून डेटाने आदेश मान्य करावा काय, याचा विचार पिकार्डही क्षणभर करतो. त्यावर डेटा एक साधा प्रश्न विचारतो. अंध सहकारी जॉर्डी ला फोर्ज याची कृत्रिम दृष्टी मानवी डोळ्यांहून सरस आहे. मग सर्व मानवी अधिकाऱ्यांचे डोळे काढून कृत्रिम डोळे बसविण्याची सक्ती का होत नाही? पिकार्ड निरुत्तर होतो. आपण मानव नाही एवढ्याच कारणाने ही सक्ती होत आहे, हा निष्कर्ष डेटा स्वतःच काढतो आणि राजीनामा देतो.

*४.३ मालमत्ता असल्याचा निर्वाळा :* यानावरील संगणकाने दुरुस्तीस नकार दिला तर तो मान्य कराल काय, असा मॅडॉक्सचा सवाल असतो. जुना कायदा तपासून लुव्हा निर्वाळा देते की डेटा ही सेवेची मालमत्ता आहे आणि मालमत्तेला राजीनामा देता येत नाही. पिकार्ड याला आव्हान देतो. तळ नवा असल्याने न्यायखात्यात मनुष्यबळ नाही. नियमानुसार बचावाचे काम पिकार्डकडे आणि अभियोगाचे काम रायकरकडे येते. मित्राविरुद्ध उभे राहण्यास रायकर नकार देतो. तू नकार दिलास तर सुनावणीशिवाय माझाच निर्वाळा कायम होईल, असे लुव्हा बजावते. रायकर नाइलाजाने तयार होतो.

तयारी करताना डेटाच्या रचनेच्या आराखड्यात त्याला एक कळ सापडते. आपण खटला जिंकू शकतो या जाणिवेने त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते आणि त्याचा अर्थ लक्षात येताच ते मावळते. हा संपूर्ण प्रसंग एकाही शब्दाविना घडतो.

*४.४ सुनावणी :* रायकर डेटाला विचारतो, 'तू काय आहेस?' डेटा शब्दकोशातील व्याख्या सांगतो : मानवासारखे दिसण्यासाठी बनविलेले स्वयंचलित यंत्र. आपली गणनक्षमता सेकंदाला साठ हजार अब्ज क्रिया इतकी आहे, हेही तो सांगतो. रायकर त्याच्याकडून धातूचा दांडा वाकवून घेतो, त्याचा हात कोपरापासून सुटा करून न्यायासनापुढे ठेवतो आणि शेवटी ती कळ दाबतो. डेटा जागच्या जागी निष्प्राण कोसळतो. सूत्र तुटलेली बाहुली पाहून युक्तिवादाची गरजच उरत नाही.

खचलेला पिकार्ड विश्रांतीच्या काळात यानावरील गायनन या स्त्रीला (हूपी गोल्डबर्ग) भेटतो. इतरांना नकोशी वाटणारी कामे करणारे आणि ज्यांच्या सुखदुःखाचा विचार करावा लागत नाही असे जीव अनेक संस्कृतींनी वापरले आहेत, असे ती शांतपणे म्हणते. ती बोलत आहे ते गुलामगिरीविषयी, हे पिकार्डच्या लक्षात येते. 'मालमत्ता' या सोयीस्कर शब्दाआड तेच दडले होते.

दुसऱ्या सत्रात पिकार्ड प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम मान्य करून टाकतो. डेटा यंत्र आहे. आपणही वेगळ्या प्रकारची यंत्रेच आहोत. त्याला माणसाने घडविले. मुलेही आईबापांच्या अंशातून घडतात, म्हणून ती मालमत्ता ठरत नाहीत. डेटाने यान सोडण्याच्या तयारीत सोबत घेतलेल्या वस्तू तो दाखवितो : सन्मानपदके, पिकार्डने भेट दिलेले पुस्तक आणि दिवंगत सहकारी ताशा यार हिची प्रतिमा. या वस्तूंचा त्याला काहीही उपयोग नाही. तरीही त्या त्याला हव्या आहेत.

यानंतर मॅडॉक्सची उलटतपासणी होते. सचेतन अस्तित्वाच्या तीन कसोट्या तो सांगतो : बुद्धी, आत्मभान व जाणीव. बुद्धी डेटाला आहे हे त्याला मान्य करावे लागते. या क्षणी तू काय करीत आहेस, असे पिकार्ड डेटाला विचारतो. आपण व्यक्ती आहोत की मालमत्ता, हे ठरविणाऱ्या सुनावणीत आपण भाग घेत आहोत आणि येथे आपला निवडीचा अधिकार, कदाचित जीवही, पणाला लागला आहे, असे डेटा उत्तर देतो. याहून स्पष्ट आत्मभान कोणते? तिसऱ्या कसोटीवर पिकार्ड सर्वांना प्रश्न करतो : डेटा तीही अल्पांशाने पूर्ण करीत असेल तर तो काय ठरेल? मॅडॉक्सजवळ उत्तर नसते. डेटा एक असेपर्यंत ते कुतूहल असेल. हजारो झाले की तो एक वंश होईल, आणि त्या वंशाला आपण कसे वागविले यावरून आपली परीक्षा होईल, असे पिकार्ड बजावतो. नव्या जीवसृष्टीचा शोध हे सेवेचे ध्येय आहे आणि ती जीवसृष्टी येथे समोर बसली आहे, या आशयाने तो समारोप करतो.

*४.५ निर्णय व अखेर :* डेटा यंत्र आहे, पण तो सेवेची मालमत्ता नाही, असा निर्णय लुव्हा देते. त्याला आत्मा आहे किंवा नाही हे तिला ठाऊक नाही. स्वतःला आहे किंवा नाही हेही ठाऊक नाही. परंतु तो प्रश्न स्वतः शोधण्याचे स्वातंत्र्य त्याला असले पाहिजे. डेटा अधिकृतरीत्या प्रयोगास नकार देतो, मात्र मॅडॉक्सला संशोधन सुरू ठेवण्यास सांगतो. भागाच्या शेवटी रायकर एकटाच बसलेला असतो. डेटा त्याच्याजवळ येतो. तू अभियोग चालविला नसतास तर माझ्याविरुद्ध निर्णय झालाच असता. त्या कृत्याने तुला इजा झाली आणि मी वाचलो, असे तो म्हणतो. हे आपण विसरणार नाही, असेही सांगतो.

५. विवेचन

*५.१ अज्ञानावर उभा राहिलेला निर्णय :* पिकार्डने डेटाची जाणीव सिद्ध केली, असा समज होण्याचा संभव आहे. वस्तुतः त्याने ती सिद्ध केलेली नाही. मॅडॉक्सला, न्यायाधीशाला आणि स्वतः त्यालाही ती मोजता येत नाही, एवढेच त्याने दाखविले. एका जीवाची जाणीव दुसऱ्याला थेट दिसत नाही. ती केवळ वर्तनावरून अनुमानाने मानावी लागते. माणसांच्या बाबतीत आपण हे अनुमान विनातक्रार करतो. मग प्रश्न असा उरतो की संशयाची किंमत कोणी मोजावी? डेटा निव्वळ यंत्र असेल आणि त्याला स्वातंत्र्य दिले, तर एका प्रयोगाची हानी होते. तो व्यक्ती असेल आणि त्याला सुटे केले, तर हत्या होते. आणि पुढे हजारो प्रती निघाल्यास गुलामगिरी. या दोन चुका सारख्या वजनाच्या नाहीत. लुव्हाचा निर्णय या विषमतेवर आधारलेला आहे.

*५.२ कायद्यातील 'व्यक्ती' :* कायद्याच्या भाषेत व्यक्ती आणि मानव हे समानार्थी शब्द नाहीत, हे भारतीय वाचकास नवीन नाही. नोंदणीकृत कंपनी ही कायद्याने व्यक्ती असते. हिंदू देवता ही विधिमान्य व्यक्ती असल्याचे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ च्या मलिक खटल्यात मान्य केले. २०१७ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने गंगा व यमुना या नद्यांना असा दर्जा दिला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयास स्थगिती दिली. याउलट मानव असूनही व्यक्तित्व नाकारले गेल्याची उदाहरणे इतिहासात आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांना नागरिकत्व नाकारले आणि गुलामांवरील मालकीहक्कास संरक्षण दिले. म्हणजे व्यक्तित्व ही केवळ निसर्गाने दिलेली बाब नसून समाजाने द्यावयाची वा नाकारावयाची बाबही आहे. लुव्हाचा पहिला निर्वाळा कायद्यास धरून होता. तो अन्याय्य होता, हे कायद्याचे पुस्तक मिटून ठेवल्यावरच दिसले.

*५.३ प्रतिपक्षाचे मोल :* या भागात खलपात्र नाही. मॅडॉक्स क्रूर नाही. त्याला ज्ञानाची ओढ आहे. ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्याची संमती घ्यावी लागते, हे मात्र त्याच्या मनात येत नाही, कारण समोर कोणी आहे असे त्याला वाटतच नाही. रायकरची स्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. त्याने अभियोग हलगर्जीपणे चालविला असता तर सुनावणी निरर्थक ठरली असती. मित्राविरुद्ध पूर्ण ताकदीने लढणे हेच येथे मैत्रीचे कर्तव्य होते. प्रारंभीच्या डावात रायकरची चाल न समजलेला डेटा अखेरीस रायकरच्या कृतीमागील त्याग ओळखतो. हा प्रवास न्यायालयात पुरावा म्हणून मांडला जात नाही. प्रस्तुत अभ्यासकाच्या मते तोच सर्वांत मोठा पुरावा आहे.

*५.४ 'काय' आणि 'कोण' :* मॅडॉक्स डेटाचा उल्लेख सतत 'इट' या निर्जीववाचक इंग्रजी सर्वनामाने करतो. निर्णयानंतर त्याच्या तोंडून पुरुषवाचक सर्वनाम निघून जाते आणि लुव्हा ते टिपते. मराठीत हा बदल आणणे कठीण आहे. आपल्याकडे दगडही 'तो' असतो आणि खुर्चीही 'ती' असते. 'ते उठले' हे वाक्य यंत्राविषयी आहे की आदरणीय गुरुजनांविषयी, हे संदर्भावाचून कळत नाही. मात्र मराठीत ही सीमारेषा प्रश्नवाचक सर्वनामांत फार स्पष्ट आहे. वस्तूला आपण 'काय' विचारतो, व्यक्तीला 'कोण'. रायकरने सुनावणीत विचारलेला पहिला प्रश्न 'तू काय आहेस?' असा होता आणि त्याच प्रश्नात अभियोगाची सारी बाजू सामावलेली होती. 'तू कोण आहेस?' असे विचारण्याची मुभा डेटाला स्वतःपुरती मिळाली, हे त्या निर्णयाचे मराठीतील सार होय.

६. मर्यादा व पुढील पडसाद

कथेच्या काही मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. आरोपीचेच वरिष्ठ वकील म्हणून उभे राहणे आणि आधी निर्वाळा दिलेल्या न्यायाधीशानेच फेरसुनावणी घेणे, हे न्यायप्रक्रियेच्या दृष्टीने सदोष आहे. जाणिवेची व्याख्याही अखेरपर्यंत होत नाही. शिवाय निर्णय एकट्या डेटापुरताच राहतो. मार्च १९९० च्या 'द ऑफस्प्रिंग' या भागात डेटा लाल नावाची कन्या घडवितो, तेव्हा तिला ताब्यात घेण्यासाठी सेवा पुन्हा पुढे सरसावते. 'व्हॉयेजर' मालिकेच्या 'ऑथर, ऑथर' (२००१) या भागात प्रकाशप्रतिमारूप डॉक्टरला लेखक म्हणून हक्क मिळतो, पण व्यक्ती म्हणून मान्यता मिळत नाही. 'स्टार ट्रेक : पिकार्ड' (२०२०) मध्ये तर मंगळावर राबणारे कृत्रिम मजूर दिसतात, गायननची भीती खरी ठरते. एका न्यायनिर्णयाने समाजाची सवय बदलत नाही, हे या मालिकांनी सातत्याने दाखविले आहे.

कल्पितापलीकडेही हा प्रश्न पोहोचला आहे. युरोपीय संसदेने फेब्रुवारी २०१७ मध्ये संमत केलेल्या ठरावात अत्यंत प्रगत यंत्रमानवांसाठी 'इलेक्ट्रॉनिक व्यक्ती' या दर्जाचा विचार व्हावा, असे सुचविले होते. तेथे मुख्य हेतू नुकसानीची जबाबदारी निश्चित करण्याचा होता, यंत्राच्या स्वातंत्र्याचा नव्हता. आजच्या संभाषण करणाऱ्या संगणकप्रणालींना डेटाच्या पंक्तीस बसविणेही घाईचे ठरेल. एखाद्या प्रणालीने 'मी' म्हणणे हा आत्मभानाचा पुरावा नव्हे, कारण मानवी लेखनावरून तसे म्हणण्यास ती शिकलेली असते. परंतु पुरावा कोणता मानावा, हे आधी ठरविल्याशिवाय नकारही ठामपणे देता येत नाही. मॅडॉक्सची अडचण आज अभ्यासकांसमोर जशीच्या तशी उभी आहे.

७. अध्यापनातील उपयोग

तत्त्वज्ञानाच्या वर्गात परमनाच्या ज्ञानाचा प्रश्न, विधी अभ्यासक्रमात विधिमान्य व्यक्तीची संकल्पना, संगणकशास्त्रात संशोधनातील संमती आणि भाषेच्या वर्गात सर्वनामांचा अर्थविचार शिकविताना हा भाग साधार उदाहरण म्हणून वापरता येईल. विद्यार्थ्यांना रायकरची बाजू मांडावयास सांगणे विशेष उपयुक्त ठरेल. न पटणारी बाजू प्रामाणिकपणे मांडण्याचा सराव आपल्या वर्गांतून क्वचितच होतो.

८. निष्कर्ष

१) 'द मेझर ऑफ अ मॅन' या भागात यंत्राची जाणीव सिद्ध होत नाही, ती नाकारण्याचा अधिकार कोणाकडेही नाही, एवढे सिद्ध होते.

२) निर्णयाचा आधार दोन संभाव्य चुकांच्या असमान परिणामांत आहे. संशयाचा भार बलवानाने वाहावा, दुर्बलावर टाकू नये, हे त्यातून निष्पन्न होणारे तत्त्व होय.

३) 'मालमत्ता' यासारखी तटस्थ भासणारी संज्ञा अन्याय झाकू शकते, म्हणून संज्ञांची तपासणी ही न्यायदानाची पहिली पायरी ठरते.

४) न्याय्य निर्णयासाठी प्रामाणिक प्रतिपक्ष आवश्यक असतो. रायकरच्या पात्रातून हे प्रभावीपणे व्यक्त होते.

५) भागाच्या शीर्षकात 'माणसाचे माप' आहे. सुनावणी डेटाची झाली असली तरी माप घेतले गेले ते त्याच्याविषयी निर्णय करणाऱ्या माणसांचे.